पारुबाईच्या बाजूची हंडी

पारुबाईला डावा पाय नाही, हे तांड्यात नव्यानं आलेल्या माणसाला दोन दिवसांनी कळतं. पहिल्या दिवशी त्याला तिचं तोंड कळतं, आणि तेवढं पुष्कळ असतं.

कळमनुरी तालुक्यातल्या या बंजारा तांड्यावर मी अकरा वर्षं मास्तर आहे. चार वर्षांपूर्वी ऊसतोडीवर असताना उसानं भरलेली ट्रॉली पारुबाईच्या पायावरून गेली आणि गुडघ्याखाली पाय कापावा लागला. पन्नाशीला आलेली बाई. सहा महिने भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून होती. नकली पाय आला, तोही खाटेखाली पडून राहिला. मग हळद काढायचे दिवस आले आणि तिच्या जागी दुसरी बाई रोजानं लावल्याचं तिच्या कानावर गेलं. त्या दिवशी पारुबाई उठली. पाय बांधला, धडपडली, मला आणि देवाला सारख्याच शिव्या दिल्या आणि वावरात गेली.

आता ती गोणपाटावर बसून हळदीचे गड्डे मोडते आणि तिची पाटी सगळ्यांच्या आधी भरते. पावसाळ्यात काळी माती नकली पायाला चिकटते, तेव्हा पाय काढून बांधावर ठेवते आणि कुबडीवर तण निंदायला जाते. मागं दोन जादा चाकं लावलेली स्कूटी घेऊन वारंगा फाट्यावर भाजी विकायला जाते. रस्त्यात म्हैस आडवी आली की तिचा ब्रेक नंतर लागतो, शिवी आधी.

असं सगळं मार्गी लागलं होतं. फक्त तांडा तिच्याशी फार चांगला वागत होता, आणि ते तिला सोसत नव्हतं. नळावर गेली की बायका तिची घागर पुढं सरकवायच्या. थोरली जाऊ रूपाबाई, जिचं हिच्याशी आठवड्यातून दोनदा भांडण ठरलेलं, ती आता "राहू दे, पारू, तू बस" एवढंच म्हणायची. "मास्तर, मी मेल्यावाणी सगळे गोड बोलून राहिले," पारुबाई एकदा मला म्हणाली. मी हसलो. हसायला नको होतं.

गेल्या साली तिच्या सुनेला, निलमला, मुलगा झाला. तांड्यावर अशा लेकराची पहिल्या होळीला धुंड करतात. अंगणात खुंटा ठोकून त्याला पुऱ्यांची हंडी दोरानं करकचून बांधतात. बायका काठ्या घेऊन भोवती उभ्या राहतात, आणि पुरुषांनी मार खात ती हंडी पळवायची. मार खरा असतो. अंगावर वळ उठलेला माणूस आठवडाभर तो दाखवत फिरतो.

पाय गेल्यापासून पारुबाईनं धुंडीला काठी धरली नव्हती. पण ही तिच्या नातवाची हंडी होती. तिला खुंट्याजवळची जागा हवी होती.

"तू लेकराला मांडीवर घेऊन बस," रूपाबाई म्हणाली. आणि मी शहाणा, शाळेतली खुर्ची उचलून घेऊन आलो.

"मास्तर, ती खुर्ची परत न्या," पारुबाई सगळ्यांदेखत म्हणाली. "मी काय पाव्हणी हाय का?"

ती काठी घेऊन खुंट्याच्या डाव्या बाजूला उभी राहिली. डफ वाजला, आरडाओरडा झाला, पुरुष धावून आले. काठ्या सपासप बसू लागल्या. फक्त पारुबाईच्या बाजूला कोणी फिरकलं नाही. तिच्याकडे वळलेला माणूस मध्येच थबकायचा आणि दुसरीकडे पळायचा. तिची काठी वरच्या वर राहिली. तिचे डोळे भरून आले. मला तिच्याकडे बघवेना.

मग ती ओरडली. आपसात ते त्यांच्या बोलीत बोलतात, मी आपल्या भाषेत सांगतो. "काहून रे देविदास! इकडची वाट ठाऊक न्हाई? माझ्या नातवाची हंडी उष्टी हाय का?"

देविदास तिचा चुलत दीर, तांड्यातला सगळ्यात दांडगा गडी. तो थांबला. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि डोक्याला टॉवेल गुंडाळला. "भाभी, मग रडायचं न्हाई बरं का!"

आणि आला की सरळ तिच्या अंगावर! पारुबाईनं दात खाऊन चार हाणल्या, पाचवी खांद्यावर अशी बसली की तो कळवळला. पण गडी बेरका. उजवीकडं हूल दिली आणि डावीकडून घुसला. पारुबाई गर्रकन वळली, नकली पाय काही तेवढा वळला नाही, आणि ती बदकन खाली बसली. देविदासनं दोराला हिसका दिला आणि हंडी डोक्यावर घेऊन पळाला.

डफ थांबला. मी तिला उचलायला धावलो, पण माझ्याआधी रूपाबाई पोचली.

"नेली ना हंडी! तुझ्याच बाजूनं नेली!" ती कडाडली. "मोठी आली राखणारी! डोळे कुठं व्हते तुझे?"

चार वर्षांत पारुबाईवर कोणी आवाज चढवलेला मी पहिल्यांदा ऐकला. पारुबाईला पायाचं कारण सांगता आलं असतं. तिनं सांगितलं नाही.

"माझे डोळे? आन् तू कुठं मेली व्हतीस? शेजारी उभी राहून बांगड्या सावरून राहिली व्हतीस!"

"मी? मी बांगड्या सावरत व्हते?"

"व्हय, तूच!"

झालं, जुंपली. मी पुढं केलेला हात मागं घेतला. पारुबाई मातीत बसून भांडत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज चढतच होता. तिला उठवायला कोणी गेलं नाही. तिची ती उठली, पायाचा पट्टा आवळला, रूपाबाईला म्हणाली, "थांब, आल्यावर बोलते तुझ्याशी," आणि काठी घेऊन देविदासच्या मागं लागली.