मोठ्याने केलेली प्रार्थना

मी आक्काला सांगितलं तेव्हा ती चपात्या लाटत होती आणि मी भाजत होते, दोघींची तोंडं भिंतीकडे होती, म्हणूनच सांगता आलं असेल, समोरासमोर असते तर नसतं सांगितलं. म्हणलं, आक्का, ह्यांची कंपनी बंद पडली, आमचा तिघांचा व्हिसा कॅन्सल झालाय. दुसरी कंपनी मिळेपर्यंत थोडे आठवडे आहेत हातात, तोवर कोणाला कळता कामा नये.

तिने लाटणं थांबवलं. "कधी झालं गं हे?"

"बारा दिवस झाले."

"आणि वहिनीला माहीत आहे?"

"तिला तर अजिबातच नको."

वहिनी म्हणजे जिच्या फ्लॅटमध्ये आम्ही राहत होतो ती. इथे आखातात, इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत दोन खोल्यांचा फ्लॅट, करार तिच्या नवऱ्याच्या नावावर, एक खोली त्यांची, एक आमची, किचन दोघांचं. अशी खोली द्यायची नसते इथे, पण सगळेच देतात. फक्त व्हिसा नसलेलं माणूस घरात सापडलं तर करारवालाही अडकतो, आणि वहिनीने पहिल्याच दिवशी हसत हसत सांगितलं होतं की बाकी कसं पण राहा, कागद क्लीन पाहिजेत. खोली गेली असती तर मला पोरीला घेऊन गावी जावं लागलं असतं. आणि गावी गेलेली बायको परत येत नाही, आमच्याच आळीत मी अशा तिघी बघितल्यात, नवरा दोन वर्षांनी येतो आणि पोर त्याला काका म्हणतं. माझी पोर दीड वर्षाची होती. मला बाकी काही नको होतं, ती खोली तेवढी राहावी.

आक्का म्हणाली, "घाबरू नको. माझ्या पोटातलं ओठावर यायचं नाही."

मी विश्वास ठेवला, का नाही ठेवणार. मी इथे आले तेव्हा मला लिफ्टमध्ये एकटीला जायची भीती वाटायची, नववी नापास मी, बटणावरचं G म्हणजे काय ते पण आक्कानेच सांगितलं. ती नर्स आहे, वीस वर्षं झाली इथे, मिस्टर वारले, मुलगा पुण्याला असतो. माझ्या बाळंतपणाला माझी आई येऊ शकली नाही, आक्का उभी होती. दर रविवारी संध्याकाळी तिच्या फ्लॅटवर आम्ही पाच-सहा मराठी ख्रिस्ती कुटुंबं जमायचो, हॉलमध्ये मोठ्यांची प्रार्थना, आतल्या खोलीत पोरांचं संडे स्कूल. त्या दिवशी निघताना तिने मला डब्यात चपात्या दिल्या आणि म्हणाली, "ह्या रविवारी पोरांना तारवाची गोष्ट तू सांग. मन रमेल तुझं."

मग मी आठवडाभर तेच करत बसले. हे सकाळी फाइल घेऊन बाहेर पडायचे, एक कंपनी म्हणायची इन्शाल्ला नेक्स्ट वीक, पुढच्या आठवड्यात परत इन्शाल्ला, आणि मी खोलीत दार लावून पोरीला झोपवून पवित्र शास्त्र उघडायचे, बोट ठेवून ठेवून वाचायचे. बेल वाजली की मी पोरीला उचलून दारामागे उभी राहायचे, वहिनीने काही ऑनलाइन मागवलेलं असायचं. चायनीज मार्केटातून प्लास्टिकच्या प्राण्यांचं पाकीट आणलं, पंधरा दिरहम, म्हणजे साडेतीनशे रुपये झाले, असल्या दिवसांत, पण घेतलं. डायपरच्या खोक्याचं तारू केलं, म्हणजे महापुरातून प्राणी वाचवायला देवाने एका भल्या माणसाकडून बांधून घेतलेलं जहाज, आणि दार म्हणून एक बाजू कापून ठेवली, उघडता-लावता येईल अशी.

एक गोष्ट मला कळेना. तेव्हाचे लोक फार दुष्ट झाले होते म्हणून देवाने पाणी आणलं असं आहे, पण त्यांनी नेमकं केलं काय ते नीट लिहिलेलंच नाही, पोरं तर विचारणार. मी आक्काला फोन करून विचारलं.

ती म्हणाली, "अगं, पहिल्या दोन भावांपासूनच सुरू झालं ना. थोरल्याने गोड बोलून धाकट्याला शेतात नेलं आणि तिथे मारलं. मग वाढतच गेलं."

"पण हे पाण्याच्या वेळचे?"

"ते काय, खात होते, पीत होते, लग्नं लावत होते. सांगणाऱ्यावर विश्वास नव्हता. एवढंच पुरे असतं."

मला ते तेव्हा फारसं पटलं नाही. जेवणाऱ्या, लग्नं लावणाऱ्या माणसांना बुडवायचं म्हणजे जरा जास्तच वाटलं.

रविवारी नेहमीप्रमाणे आम्ही वहिनीच्या गाडीतून गेलो. हे आले नाहीत, कोणी नोकरीचं विचारलं तर काय सांगायचं म्हणून. आतल्या खोलीत आठ पोरं, माझी मांडीवर, आणि वहिनीची सात वर्षांची मुलगी अगदी खोक्याला चिकटून बसलेली. इथे वाढलेली पोरं, मराठी सगळं कळतं, बोलतात इंग्लिश. मी जिराफ आत घातला, उंट घातला, उंटावर सगळे खूश झाले, मग खोक्याचं दार लावलं आणि म्हणलं, आता पाऊस सुरू झाला.

वहिनीची मुलगी म्हणाली, "आंटी, डिड दे नॉक?"

"कोण?"

"द बॅड पीपल. आउटसाइड."

"वाजवलं असेल गं दार."

"अँड ही डिडन्ट ओपन?"

"दार त्याने लावलंच नव्हतं. देवाने बाहेरून लावलं."

"दॅट्स मीन," ती म्हणाली.

मी पाकिटातला राहिलेला हत्ती उचलला, तेवढ्यात हॉलमधून आक्काचा आवाज आला. दार अर्धं उघडं होतं. साखळी प्रार्थना चालू होती, म्हणजे सगळे गोल उभे राहून हात धरतात आणि एकामागे एक मोठ्याने प्रार्थना करतात, आणि आक्काची पाळी होती.

"प्रभू, आमची लहान बहीण, जी आत लेकरांना तुझं वचन शिकवतेय, तिच्या संकटात तू उभा राहा. तिच्या धन्याची नोकरी गेली, तू जाणतोस. तिघांचा व्हिसा रद्द झाला, तू जाणतोस. तिला कोणापुढे बोलता येत नाही, तू जाणतोस."

"होय प्रभू," कोणीतरी म्हणालं. "आमेन."

तो जाणतो तर सांगतेस कशाला, असं माझ्या मनात आलं, आणि माझ्या हातात हत्ती होता तो कुठे ठेवू कळेना. वहिनी त्याच गोलात उभी होती. तिचा हात कदाचित आक्काच्याच हातात असेल.

घरी जाताना गाडीत वहिनीचा नवरा एसी कमी करत होता, परत वाढवत होता. अर्ध्या वाटेत वहिनीची पोरगी माझ्याकडे वळून म्हणाली, "आंटी, आर यू गोइंग अवे?" आणि वहिनी पटकन म्हणाली, "सिट प्रॉपरली."

सकाळी तिचा नवरा ऑफिसला गेल्यावर वहिनी माझ्या खोलीच्या दारात आली. आत नाही आली, उंबऱ्यावरच थांबली.

"मला सांगायचं तरी होतंस."

"सांगितलं असतं तर ठेवलं असतं का?"

ती म्हणाली, "मला पण एक मुलगी आहे. ह्यांच्या नावावर काही आलं तर आम्ही खलास. गुरुवारपर्यंत बघा कुठेतरी."

"वहिनी, एक महिना द्या."

"गुरुवार," ती म्हणाली, आणि माझ्या पोरीच्या गालाला हात लावून गेली. ती रडत होती बहुतेक. मला तिचा तेवढा राग नाही आला, खरं सांगते, ती घाबरली होती, मला घाबरलेलं माणूस कळतं.

राग आक्काचा आला. फोन लावला.

"आक्का, तू सांगितलंस."

"मी कोणाला सांगितलं? मी परमेश्वराला सांगितलं."

"मोठ्याने सांगितलंस."

"चार जणांत प्रार्थना मोठ्यानेच करतात गं. दोघं-तिघं मिळून मागतात ते तो देतो."

"हळू म्हणलेलं त्याला ऐकू येत नाही का?"

ती म्हणाली, "तुझा विश्वास कमी पडतोय, म्हणून तुला असं वाटतं."

मी फोन ठेवला. तिने मुद्दाम केलं का, हे मला आजही माहीत नाही. मुद्दाम नसेलच केलं. पण मला ते भाऊच आठवत राहिले. चल शेतात जाऊ असं तो म्हणाला असेल तेव्हा धाकट्याला किती बरं वाटलं असेल.

गुरुवारी आक्काच आली, टॅक्सी घेऊन. वर येऊन म्हणाली, "सामान खाली घ्या, माझा हॉल मोकळाच असतो." ह्यांना मित्राकडे बेडस्पेसवर, म्हणजे पुरुषांच्या खोलीत एका खाटेपुरती, जागा मिळाली होती, तिथे बाई-लेकरू चालत नाही. मला जायचं नव्हतं तिच्याकडे. पोरीने तिला बघून हात पुढे केले. मी गेले.

तिने चांगलं ठेवलं, कसं नाही म्हणू. पोरीला आत स्वतःच्या पलंगावर घ्यायची, मला हॉलमध्ये कपाटाच्या मागे गादी. तिथे पडून मला एक कळलं. रविवारी ती सगळ्यांना सांगते ना, मुलाचा फोन होता, सगळ्यांना सलाम सांगितलाय, तसा फोन येतच नाही. ड्यूटीवरून आली की ती लावते, रिंग होते, तो कट करतो. आणि कट झालेल्या फोनवर ही बोलते, बरं बरं, जेव वेळेवर, ठेवते मग. मी कपाटामागे आहे हे विसरायची बहुतेक. तिसऱ्या दिवशी मला बघून म्हणाली, "वर्ष झालं. मला फोन करू नकोस म्हणाला. कोणाला बोलू नको गं." मी म्हणलं, नाही बोलणार.

आणि रविवार आला. सगळे आले, वहिनी पण आली, माझ्याकडे न बघता चप्पल काढली. गोल केला, माझा उजवा हात आक्काच्या हातात. पाळी फिरत फिरत माझ्यापाशी आली.

मी डोळे मिटले आणि म्हणलं, "प्रभू, आमच्या आक्कासाठी."

खोकणारे पण थांबले.

"तिच्या मनातलं तू जाणतोस," मी म्हणलं. "तिचा मुलगा." आणि थांबले. आक्काची नखं माझ्या तळव्यात रुतली. माझ्या जिभेवर पुढचं सगळं वाक्य तयार होतं, मला अजून पाठ आहे ते, आणि मला ते म्हणायचं होतं, वहिनीसमोर, सगळ्यांसमोर, अगदी तिच्याच आवाजात.

"तिच्या मुलाला सुखात ठेव," मी म्हणलं.

"आमेन," सगळे म्हणाले.

दया आली म्हणून थांबले असं मी लिहिणार नाही. गादी तिची होती, आणि माझी पोर आत तिच्या पलंगावर झोपली होती.

चहाच्या वेळी कोणीतरी आक्काला विचारलंच, काय म्हणतो मुलगा. आक्काच्या हातात ट्रे होता. ती म्हणाली, "कालच फोन होता, सगळ्यांना सलाम सांगितलाय," आणि माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, वहिनीने पण, आठवड्यात पहिल्यांदा.

मी म्हणलं, "हो, मी पण बोलले ना त्याच्याशी."