हुकलेले चेंडू

करोनात हॉल बंद, म्हणून इथल्या, नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या बास्केटबॉल क्लबने संघनिवडीसाठी मुलींचे व्हिडिओ मागवले. नातीचा मी काढला. चेंडू हुकला की मी फोन थांबवायची. अहो, मुलगी दाखवताना तिचं उणं कोण पुढे करतं? त्यात गेल्या वर्षी प्रशिक्षकांनी तिघींना उंची बघून घेतलेलं (त्यातल्या दोघी पुढे सोडून गेल्या, ते वेगळं), आणि आमची तर बुटकी. धास्तीच होती.

व्हिडिओ पाठवला, तर प्रशिक्षकांचं उत्तर आलं, "हुकल्यावर ती काय करते, ते बघायचंय. आजच पाठवा."

नात म्हणाली, "आजी, यू कट दॅट?"

तशाच मैदानात गेलो. ती हुकली, चेंडूमागे धावली, पुन्हा हुकली. या वेळी फोन मी थांबवला नाही.