आर्लीनच्या क्वार्टरचा जाड काठ

आर्लीन हॉस्टेटर आमच्या ओहायोतल्या गावात शाळेची बस चालवते. पोरांनी दंगा केला की ती नुसती आरशातून बघते, लगेच सगळी गप्प. अशी खमकी बाई एका नाण्यापायी पार खंगली होती.

तिचे वडील क्लाइड यांचं बाजारपेठेत दुकान होतं, लोक नाणी टाकून तिथल्या यंत्रांत कपडे धुऊन वाळवून नेत. ते गेल्यावर आर्लीन आणि तिची धाकटी बहीण डोरीन घर आवरत होत्या. बटणांच्या डब्यात तळाशी एक क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं, सापडला. काठ जाड, वर आलेला, जणू छोटीशी परातच. डोरीनच्या जावयानं फोनवर शोधलं आणि टांकसाळीत चुकलेली नाणी हजारो डॉलरला जातात म्हणून सांगितलं.

झालं! डोरीन म्हणाली, "बाबा ते मला देणार होते."

"तुला? दवाखान्यात त्यांना कोण नेत होतं गं?"

ईस्टरपासून दोघींचं बोलणं बंद. थँक्सगिव्हिंगला, सगळ्या घरानं एकत्र बसून टर्की खायच्या सणाला, आर्लीननं एकटीपुरतं डब्यातलं सूप गरम केलं. मी शेजारीण, मला भिंतीपलीकडचं सगळं कळतं. शेवटी मीच तिला म्हटलं, "आमच्या नाणेसंग्राहकांच्या बैठकीला चल, वॉल्टला दाखव." आणि डोरीनलाही कळवलं, आर्लीनला न विचारता.

अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये दोघी टेबलाच्या दोन टोकांना बसल्या. वॉल्ट ब्रुबेकर हा आमच्याकडचा म्हातारा न्हावी, नाण्यांचा नादिष्ट. त्यानं भिंगाखाली क्वार्टर सावकाश फिरवला, तोलून पाहिला, मग दुसऱ्या क्वार्टरवर ठेवला.

"घेर लहान झालाय, वजन मात्र तेवढंच," तो म्हणाला. "टांकसाळीत ठसा सरकला असता, तर काठ एका अंगाला जाड आणि समोरच्या अंगाला बारीक झाला असता. हा चहूकडून सारखा आहे, दोन्ही बाजूंना आत वळलाय, अक्षरांवर चढलाय. म्हणजे छाप पडल्यानंतरची मारझोड आहे ही."

"कुणी ठोकलं?" आर्लीननं विचारलं.

"तुझ्या बापाच्या ड्रायरनं! ड्रमच्या फटीत अडकलं असणार. कपडे वाळताना महिनोन् महिने आपटत राहिलं की काठ असाच दुमडतो."

"मग किंमत?" डोरीनचा आवाज बारीक झाला होता.

"पंचवीस सेंट. तेही दुकानदारानं घेतलं तर."

आर्लीननं छातीवर हात ठेवला आणि इतका लांब श्वास सोडला की मला वाटलं बाईला काही झालं. मग ती हसायलाच लागली. हसता हसता डोळे पुसले.

"बरं झालं बाई! खरं असतं तर मी ते विकूही शकले नसते आणि तुला देऊही शकले नसते."

"मला तर भीती वाटत होती, तू मला कोर्टात खेचशील," डोरीन म्हणाली.

"तुला? तुला रस्ता ओलांडायला मी शिकवलंय, मूर्ख!"

डोरीन उठून तिच्या शेजारच्या खुर्चीवर आली. मग नवीनच भांडण लागलं. "तू ठेव." "नको, तूच ठेव, बाबांनी तुला म्हटलं होतं ना?" "ते मी रागात म्हटलं होतं गं!"

वॉल्ट कंटाळला. "मला द्या. नवीन येणाऱ्यांना नुकसान कसं ओळखायचं ते यावर शिकवीन."

दोघींनी एकदम मान डोलावली. आर्लीननं विचारलं, "जेवलीस का?" डोरीननं नाही म्हटलं. दोघी एकाच गाडीतून गेल्या. मला मात्र घरी चालत जावं लागलं, कारण मी आर्लीनच्याच गाडीतून आले होते आणि ते कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.