मोकळ्या हातांचं गिऱ्हाईक

माझी सासू गोजरबाई कासारीण. जवळ्याच्या बाजारात लिंबाखाली तिचं बांगड्यांचं दुकान लागायचं. ती कुठं बसती हे लेकरालाबी मालूम होतं. मी तिची सून, शकुबाई. तिच्या हाताखाली बारा वर्सं काढली, तवा तिला बोल लावायचा हक्क माझा हाय. दुसऱ्या कुणी लावला तर ऐकून घेणार न्हाई, आधीच सांगून ठेवते.

सासूला तोरा एकाच गोष्टीचा. बाई समोर बसायच्या आधी तिला बाईचा हात कळायचा. दुसरे कासार मापासाठी धा बांगड्या चढवायचे, उतरवायचे. ही लांबूनच मला म्हणायची, "शकू, सव्वादोनचा जोड काढ." अन् जोड बराबर बसायचा. किमतीचंबी तसंच. एकदा एक बाई भारी लुगडं नेसून आली, "बारीक नक्षीच्या दाखव" म्हणून अडून बसली. सासूनं जाड, साध्या बांगड्या पुढं केल्या. "लुगडं मागून आणलंस, माय. हात तर जात्याचा हाय. बारीक बांगडी चार दिस टिकायची न्हाई." बाई आधी लाल झाली, मग फिसकन हसली अन् जाड बांगड्या भरून गेली. पुढं दर सणाला आली.

"तोंड काहीबी बोलतं, शकू. हात खोटं बोलत न्हाई." हे मी दिवसातून चार बार ऐकायची. कान किटले होते माझे.

पण हा तोरा तिला फुकट मिळाला नव्हता. माझं लग्न व्हायच्या आधीच सासरा पटकीनं गेला. हिनं दुकान उचललं अन् बाजारात येऊन बसली. कपाळ पांढरं, हात मोकळे, अन् विकायला हिरव्या बांगड्या! बाया लांबूनच वळायच्या. रांडमुंड बाईच्या हातून चुडा कोण भरून घेईल? सहा महिने तिच्यापुढं कुणी हात केला न्हाई. मग हातच असा तयार केला की भरताना एक बांगडी वाढायची न्हाई. हो, बांगडीला आमी फुटली म्हणत न्हाई, वाढली म्हणतो. भरताना बांगडी वाढली की अपशकुन. गोजरबाईकडं अपशकुन होत न्हाई, एवढं नाव झालं अन् तिच्यापुढं रांग लागली.

अठ्ठेचाळीस सालची गोष्ट. रझाकारांची धामधूम नुकतीच सरली होती, दिवाळी तोंडावर आली होती. वऱ्हाडात पळालेली माणसं गावी परतून राहिली होती. आमच्यापुढं धा-बारा बाया बसलेल्या. तेवढ्यात एक बाई गर्दीतून घुसत आली. कडेला लेकरू, कपाळ कोरं, दोन्ही हात मोकळे, पदर तोंडावर ओढलेला. दम लागलेला. बसली ती थेट हिरव्या बांगड्यांपुढं.

सासूनं एक नजर टाकली अन् हिरव्या बांगड्यांवर फडकं ओढलं. "लेकराला दाखवू का, माय?"

"मला भरायच्या हायत. बिगी बिगी भरा."

सासूचा आवाज मऊ होता, पण उत्तर कडक. "असं करू नये. देवानं लिहिलं ते लिहिलं. ऊठ."

"माझा मालक जिवंत हाय!" बाई जवळजवळ ओरडली. "मी सुमनबाई. सिद्धेश्वराकडच्या गावची. वाटेनं लूटमार चालली होती. रांडमुंड बाईकडं कोण बघत न्हाई, म्हणून मीच माझ्या बांगड्या दगडानं फोडल्या, कुंकू पुसलं, अन् ह्या ठकूला घेऊन वऱ्हाड गाठलं. आज मालक या बाजारात येणार, असा सांगावा आलाय. त्यांच्यापुढं अशी कशी जाऊ? ते जिवंत असताना त्यांना मी रांडावलेली दिसू?"

"तुझ्या गावचं कुणी हाय का हितं? सांगंल का कुणी?"

"अजून कुणीच परतलं न्हाई, मावशी."

सासूनं मान हलवली. मला तिचा राग आला, अन् तिची तकलीफबी कळत होती. धा-बारा बाया बघत होत्या. गोजरबाईनं विधवेला चुडा भरला, ही बात गावोगाव गेली असती तर दुकान तिथंच उठलं असतं. पण ती बाई जागची उठेना. मी म्हणलं, "आत्याबाई, बारा वर्सं सांगता हात खोटं बोलत न्हाई म्हणून. मग तिचा हात हातात तरी घ्या की! तुमी तर कपाळ बघून मोकळ्या झाल्या."

असं मी सासूला चारचौघींत कधी बोलले नव्हते. तिनं माझ्याकडं डोळे वटारले. मग गुमान सुमनबाईचे दोन्ही हात ओढून मांडीवर घेतले.

डाव्या मनगटावर दोन-तीन बारीक वण. उजवं मनगट मात्र पार चिरलेलं, एकावर एक व्रण. सासू त्यावरून अंगठा फिरवत राहिली. मग बायांकडं वळली अन् खणखणीत बोलली, "माझा मालक गेला तवा बांगड्या फोडायला चौघींनी माझे हात धरले होते. हलता आलं न्हाई मला. दोन्ही मनगटं सारखी कापली, हे बघा. रांडावलेल्या बाईला कुणी आपल्या हातानं फोडू देत न्हाई. अन् ह्या बाईचा उजवा हात बघा. डाव्या हातात दगड धरून मारलाय हिनं. नेम बसला न्हाई, तरी मारतच राहिली. हिनं आपणच फोडल्यात, एकटीनं. कुणाला शंका असंल तर आत्ता बोला."

एका म्हातारीनं आपली जागा सोडून सुमनबाईला पुढं सरकवलं.

सासूनं फडकं काढलं. हिरव्या बांगड्या एकेक करून भरल्या, चिरलेल्या मनगटावरून तर इतक्या हलक्या हातानं की सुमनबाईनं हूं की चूं केलं न्हाई. मी माझ्या करंड्यातलं कुंकू तिला लावलं. तशी ती उठली, पदर मागं सारला, अन् बैलबाजाराच्या वाटेकडं तोंड करून जिवाच्या आकांतानं ओरडली, "ठकूचे बाऽऽ!"

पार टोकाला, गाडीच्या चाकावर पाय ठेवलेला एक माणूस गर्रकन वळला. तो पळत आला अन् पोरीला त्यानं असं कवटाळलं की ती रडायलाच लागली. मग बायकोकडं वळला.

"निघालो होतो गं," तो म्हणाला. "सकाळपासून दोन फेऱ्या झाल्या. बाई अन् लेकरू दिसलं की बघायचो. एक दिसलीबी, पण तिचे हात मोकळे होते. आपली नव्हं म्हणून पुढं गेलो."

"मीच होते ती," सुमनबाई म्हणाली. "तुमी चार हातांवर होतात. हाक मारायला तोंड उघडलं, अन् नजर माझ्या हातांकडं गेली. तशीच पदराआड झाले अन् हिकडं पळत आले."

आता तिला रडू आवरेना. गाडी सुटायला आली असताना सासूनं ह्याच बाईला ऊठ म्हणलं होतं. तिचे डोळे भरले, मी बघितले.

चुडा भरला की बाईनं कासारणीच्या पाया पडायचं, अशी आमच्याकडं रीत. सुमनबाई वाकायला लागली. सासूनं तिला वाकूच दिलं न्हाई. तिचे दोन्ही भरले हात धरले अन् आपल्या पांढऱ्या कपाळाला लावले.

"चुकले, माय," म्हणाली.