पडवीत काढलेला सोफा

अंगावरून वारं गेल्यापासून बाबाने आतली खोली सोडली नव्हती, आणि चार दिवस झाले, पेजसुद्धा नको म्हणत होता. अलिबागच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, पोटात काही गेलं नाही तर औषध काय करणार. आई देवापुढे बसून राही. मी पनवेलहून येऊन नुसती चिडचिड करत होते. माझ्या हातात दुसरं होतं काय?

मग वाटलं, याला पडवीत बसवू. मांडव्याला जाणाऱ्या गाड्या दिसतील, येणारा-जाणारा हाक मारेल, जरा जिवात जीव येईल. पण खुर्चीत तो कलंडायचा. म्हणून बैठकीतला सोफाच बाहेर काढायला घेतला.

"खाऱ्या वाऱ्यानं महिन्याभरात वाट लागंल त्याची," आई म्हणाली. "त्याचं प्लास्टिकपन काढलं न्हाय मी अजून."

"लागू दे. तुला सोफा हवाय की नवरा?"

असं बोलायला नको होतं. ती उठली, सोफ्याची दुसरी बाजू धरली. वाटेत येत होतं म्हणून टीपॉय बाहेर गेलं, टीव्हीचं टेबलही गेलं.

आमच्याकडे माणूस गेलं की आधी घरातलं सामान पडवीत काढतात, आत सतरंज्या अंथरायला जागा व्हावी म्हणून. बारा वर्षं फ्लॅटमध्ये राहून मी हे साफ विसरले होते. आई कशी विसरली, देव जाणे.

बाबाला उठवायला आत गेले, तोच समोरच्या घरातून आत्या धावत आली आणि तिने उंबऱ्यातच टाहो फोडला. भाऊ माझा असा होता, तसा होता. तिच्यामागे आळीतली आठ-दहा माणसं. बाबा कॉटवर डोळे उघडे ठेवून सगळं ऐकत होता.

"अगं, जिवंत आहे तो," मी ओरडले. आत्याने पदर तोंडात कोंबला. सगळे खाली मान घालून निघून गेले.

तरी मी त्याला नेऊन सोफ्यावर बसवलंच. पाठीला उशा लावल्या आणि पेजेची वाटी घेऊन शेजारी बसले. रस्त्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"रडून गेली बिचारी," तो जड जिभेने म्हणाला. "आता परत कशाला त्रास त्यांना?"

मी चमचा भरून पुढे केला. "येतील परत. दहादा येतील, तुझीच माणसं आहेत. तोंड उघड, बाबा."

त्याने ओठ मिटून घेतले. मी चमचा तसाच त्याच्या ओठांशी धरून बसले. पेज गार झाली, हात भरून आला, पण तो खाली घ्यायचा मला धीर होईना.