उलटी उचल

फसवलं माझ्या वडिलांना. घटस्थापनेच्या सकाळी, आमच्याच ओट्यावर, आई आत घट बसवत असताना. फसवणाऱ्याचं खरं नाव मला आजही माहीत नाही, नाहीतर ते पहिल्याच ओळीत छापलं असतं. फोनवर तो स्वतःला 'एचआर साहेब' म्हणवायचा. चाकणच्या एका मोठ्या कंपनीत मला नोकरी लागली म्हणाला. पत्रही मोबाइलवर पाठवलं, शिक्क्यासकट. फक्त गणवेशाचे आणि ट्रेनिंगचे पैसे आजच्या आज भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. आण्णांनी भरले.

दसरा झाला आणि शिरूर कासारच्या स्टँडवरून आमचं गाव दोन वाटांनी निघालं. रस्त्याकडेला ऊसतोड टोळीचा ट्रक उभा होता. त्यात भांडी, गोधड्या, कोंबड्या, शेळ्या आणि माणसं. मी पुण्याच्या एसटीत, मांडीवर आयटीआयच्या कागदांची पिशवी. आण्णा मला पोचवायला सोबत. ट्रकपाशी मुकादम उभा होता.

"काय बे महादू, यंदा कावून येत न्हाईस?"

"पोरगी कंपनीत लागली माझी. आता आमी न्हाई कुनाची उचल घेत."

अख्ख्या ट्रकानं ऐकलं. शेजारच्या विमलकाकू वरून ओरडल्या, "रेखे, माझ्या पूजाचं बी बघ गं तिकडं!"

स्टँडवर निरोप द्यायला आलेली आई फक्त म्हणाली, "जेवत जा येळेवर." तिचा निरोप नेहमी पोटापासून सुरू होतो.

ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊस तोडायला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम हंगामाआधीच पैसे देतो. त्याला उचल म्हणायचं. ती फिटेपर्यंत तोडत राहायचं, अंगात ताप असला तरी. म्हणून आमच्याकडं कामाआधी पैसे घेणं म्हणजे बांधलं जाणं. आण्णांनी याचाच उलटा हिशेब मांडला. घेणारा बांधला जातो, मग देणारा मोकळा. पैसे घेऊन मिळतं ते कोयत्याचं काम, पैसे देऊन मिळते ती खुर्चीची नोकरी. शहरातला माणूस पैसे मागणाऱ्या साहेबाला लगेच ओळखेल असं नाही, पण आमचा माणूस त्याच्यावर विश्वास ठेवतो तो या कारणानं. चोरांना हे पक्कं ठाऊक असतं. ते आमच्या मोकळं होण्याच्या इच्छेवरच डल्ला मारतात, आणि याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

कंपनी खरी होती, पत्र खोटं. गेटवरच्या माणसानं मोबाइल बघितला आणि म्हणाला, "बाबा, अशी पत्रं घेऊन लई जण येतात. कंपनी नोकरी द्यायला पैसे घेत नसती." आण्णांनी साहेबाला फोन लावला. बंद. परत लावला. मग टोपी काढून झटकली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "चल घरी."

मी गेले नाही. आमच्याच भागातल्या, तलवाड्याच्या दोन मुली तिथं खोली घेऊन राहत होत्या, त्यांच्यात पथारी टाकली. आण्णा एकटे परतले, त्याच मुकादमाची उचल घेतली आणि आईला घेऊन उशिरानं टोळीत पोचले.

मी मात्र गेटागेटावरच्या पाट्या वाचत फिरले. एका कारखान्यात समोर बसवून मुलाखत झाली. हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला, एक बोर्ड जोडून दाखवायला लावला. "सोमवारपासून या," म्हणाले. मी विचारलं, "गणवेशाचे किती भरायचे?" तो माणूस हसला. "कसले पैसे? कपडे आम्हीच देतो." मलाच संशय आला. रात्री आण्णांना फोन केला तर ते म्हणाले, "काईच मागितलं न्हाई? मंग खोटं असंल. जाऊ नको." इतकं उलटं करून ठेवलं होतं त्या चोरानं आमचं डोकं! सोमवारी मी गेले. दिवाळीच्या तोंडावर भरलेल्या दिवसांचा पगार खात्यात आला तेव्हाच आण्णांनी मान्य केलं.

दिवाळीला घरी गेले. घर म्हणजे तेव्हा साखर कारखान्यामागच्या रानातली कोपी, उसाच्या पाचटाची झोपडी. कंपनीनं दिलेला मिठाईचा डबा उघडला आणि टोळी जमली. तेवढ्यात विमलकाकू आणि पूजा मोबाइल घेऊन आल्या. पूजालाही पत्र आलं होतं. तसंच पत्र, तसाच शिक्का.

"भाऊजी, तुमच्या रेखाला ज्यानं नोकरी लावली त्योच साहेब हाय ना ह्यो? आजच भरा म्हनतोय. तुमी हो म्हना, की पाठवते."

तेव्हा मला कळलं. आण्णांनी टोळीत सांगून ठेवलं होतं की साहेबानंच नोकरी लावली. ट्रकासमोर एवढं बोलून गेलेला माणूस दुसरं काय सांगणार होता? पूजाचं बोट बटणावर होतं. मी तोंड उघडलं तर आण्णांनी हातानं थांबवलं.

"पूजा, फोन ठिव खाली. त्यो साहेब न्हाई, चोर हाय. मला फसवलं त्यानं. रेखानं नोकरी तिची तिनं मिळवली."

मग मुकादम खो खो हसला. "वा बे महादू! माज्याकडून उचल घेताना धा गोष्टी इचारतोस, अन् त्या फोनमधल्या बाबाला न इचारता दिलीस?"

"तू दारात येऊन च्या पितोस," आण्णा म्हणाले, "म्हनून तुला इचारता येतं."

सगळी टोळी हसली. आण्णाही हसले, गेटवरून परतल्यापासून पहिल्यांदाच, असं आई सांगते. पूजानं त्या साहेबाचा नंबर ब्लॉक करून टाकला. आज ती माझ्याच कारखान्यात आहे, समोर बसून मुलाखत देऊन.

मुकादमाला मी संत म्हणत नाही, त्याच्याशी माझं वेगळं भांडण आहे. पण त्याचं गाव आम्हाला माहीत आहे, त्याची सासुरवाडीसुद्धा. एवढी चौकशी करणारी माणसं आपण, एका आवाजाला मात्र काहीच विचारत नाही. आता आम्ही कारखान्यातल्या मुली मिळून पत्रकं छापतो. मुलाखत समोर नाही, तर नोकरी नाही. पैसे मागितले, तर नोकरी नाही. 'आजच्या आज' म्हटलं, की फोन ठेवा. पत्र आलं तर कंपनीच्या गेटावर जाऊन विचारा. पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी बँक आणि पोलीस ठाणं गाठा. गावाकडं उमापूरच्या बाजारात आम्ही ती वाटली. शिरूरच्या स्टँडवर, ट्रक भरताना, आण्णा वाटतात. कागद हातात देताना स्वतःच सांगतात, "हे माज्यासंगं झालंय."

मी चाकणला सुखात आहे. खोलीला खिडकी आहे, भाकरी जमते, पगार वेळेवर होतो. गावातलं घर वर्षातला अर्धा काळ कुलपात असतं, कोपी दरवर्षी नव्या रानात. म्हणून घर कुठं असं कुणी विचारलं की मी जागा सांगत नाही. आपण फसलो हे मोठ्यानं सांगता येतं आणि वर हशाही पिकतो, ते माझं घर.

तुमच्यातही कुणीतरी फसलंय आणि गप्प आहे. कदाचित तुम्हीच. शेजारची पोरगी तुमच्या होकाराची वाट बघत मोबाइल धरून बसली आहे. हा कागद खाली ठेवा, उठा, आणि तिच्या दारात जाऊन आत्ता सांगा.