गिरिधरभाऊंचा मुका बडग्या

गिरिधरभाऊंनी आयुष्यात दोनच गोष्टींवर मनापासून निष्ठा ठेवली. एक, दरवर्षी मारबतीच्या मिरवणुकीत निघणारा त्यांच्या गल्लीचा पुतळा, म्हणजे बडग्या, आणि दुसरी, झेफर कंपनीचा फोन. त्यांची बायको सुमती म्हणायची की तिसऱ्या नंबरावर तरी माझं नाव घाला, चारचौघांत बरं दिसतं.

पाटबंधारे खात्यातल्या कारकुनीतून ते निवृत्त झाले, तेव्हा पुण्यात नोकरी करणाऱ्या भैरवीने, म्हणजे त्यांच्या लेकीने, त्यांना झेफरचा सगळ्यात वरचा फोन घेऊन दिला. साध्या अर्जावर सही करतानाही चष्मा पुसून दोनदा विचार करणारा हा माणूस पंधरा दिवसांत त्या कंपनीचा बिनपगारी वकील झाला. फोन तापला तर म्हणायचे, नागपूरच्या मे महिन्यात कोण तापत नाही? बॅटरीने संध्याकाळी मान टाकली तर म्हणायचे, दिवसभर राबल्यावर माणूसही आडवा होतोच. 'झेफर परिवार, नागपूर' नावाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही त्यांनी एका पोराकडून काढवून घेतला होता. त्यात शे-दीडशे पोरं होती, आणि त्या सगळ्यांचे काका गिरिधरभाऊ होते. कंपनीच्या मालकाला या भक्ताचा पत्ता असण्याचं काही कारण नव्हतं, पण देवाला तरी सगळे भक्त कुठे ठाऊक असतात?

आता नशिबाचा खेळ बघा. याच गल्लीत रुपरावचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान, रुपराव गिरिधरभाऊंचा शाळेपासूनचा जिवलग, आणि रुपरावच्या खिशात मोंटा. झेफरची कट्टर वैरीण असलेल्या कंपनीचा, तोही सगळ्यात वरचा फोन. रुपराव चंद्राचा फोटो काढून आणायचा आणि त्यावरचे खड्डे मोजून दाखवायचा. गिरिधरभाऊ म्हणायचे, हे खड्डे चंद्रावरचे नाहीत, तुझ्या फोनने मनाने काढलेत. रोज सकाळी टपरीवर तर्री-पोह्यांच्या प्लेटी आल्या की आधी दोन्ही फोन बाहेर निघत. झेफरमध्ये तर्री लालभडक यायची, मोंटामध्ये केशरी. खरा रंग कोणता यावर इतका वेळ वाद चाले की पोहे गारढोण होत. एकदा त्यांनी टपरीवाल्यालाच पंच नेमला. त्याने दोन्ही फोन निरखून पाहिले आणि सांगितलं की दोन्हींत माझी तर्री पातळ दिसते, पुन्हा काढू नका.

पण ही भांडणं म्हणजे पोह्यांवरची शेव होती. दोघांची खरी जोडी जमायची ती बडग्याला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत अशा बाईच्या दोन मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, आणि त्यांच्या मागे वस्त्यावस्त्यांचे बडगे. वर्षभर लोकांना ज्याने ज्याने छळलं, त्याचा पुतळा करायचा, गावभर मिरवायचा आणि "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत शेवटी जाळून टाकायचा. महागाई झाली, भ्रष्टाचार झाला, खड्डे झाले, डास झाले, गिरिधरभाऊंनी कोणालाही सोडलं नव्हतं. बांबूच्या कामट्या, रद्दी, खळ आणि रंग एवढ्या सामानात ते असा पुतळा उभा करत की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं.

मात्र पुतळ्याच्या गळ्यातली पाटी रुपरावची. गल्लीच्या मंडळाचा नियम होता की पाटीवर कोणा माणसाचं किंवा कंपनीचं नाव यायचं नाही, उगाच कोर्टकचेरी नको. रुपराव नाव न घेता दोन ओळी अशा लिहायचा की ज्याला लागायचं त्याला बरोबर लागायचं आणि बाकीचे पोट धरून हसायचे. गल्लीत म्हणत, बडग्याला तोंड गिरिधरभाऊ देतात, पण बोलतो रुपराव.

यंदा उन्हाळ्यात रुपरावच्या मुलाचं, अनिशचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाला, आणि तिथे माशी शिंकली. गिरिधरभाऊ नवा सदरा घालून, झेफर पुसून, सगळ्यांच्या पुढे उभे होते. मुलीच्या ओटीचा पहिला फोटो त्यांनी काढला आणि रुपरावला दाखवला. हॉलच्या निळ्या दिव्यांत बिचारी सून निळी आली होती. रुपराव एरवी टपरीवर बोलायचा तसाच बोलला, फरक इतकाच की इथे नवे व्याही ऐकत होते.

"गिरिधर, तुहा फोन बाजूले ठेव गा. सुनेचे फोटो चांगले आले पाह्यजे."

व्याही हसले. गिरिधरभाऊंचे कान लाल झाले. त्यांनी फोन खिशात घातला, चपला शोधल्या आणि मांडलेलं पान तसंच सोडून न जेवता घरी निघून गेले. शुभकार्यातून घरचा माणूस उपाशी गेला, हे रुपरावला फार लागलं. पाहुण्यांसमोर आपला पाणउतारा झाला, हे गिरिधरभाऊंना लागलं. दोघांचंही खरं होतं, म्हणून दोघांपैकी कोणीच नमेना. टपरीवर एक सकाळी लवकर यायला लागला, दुसरा उशिरा. टपरीवाला म्हणाला की आता पोहे गरम खाता, पण चेहरे मात्र गारढोण झालेत.

पोळा जवळ आला तसं गिरिधरभाऊंनी मंडळाला जाहीर केलं, यंदाचा बडग्या मोबाइलचा. मंडळी खूश झाली, घराघरातली पीडाच ती. तो मोबाइल मोंटा असणार, हे त्यांनी फक्त सुमतीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं की राग रुपरावभाऊजींचा आलाय ना, मग त्या फोनने तुमचं काय घोडं मारलंय? यावर गिरिधरभाऊ उठले आणि बांबू आणायला गेले.

काम सुरू झालं आणि एक पंचाईत झाली. मोंटा काढायचा तर हुबेहूब यायला हवा. गल्लीत तो फोन एकट्या रुपरावकडे, आणि त्याच्याशी बोलणं बंद. मग त्यांनी झेफरवर मोंटाची चित्रं शोधली. एका फोनकडून दुसऱ्याची चहाडी करून घेताना त्यांना जरा अपराधी वाटलं. मागचे कॅमेरे दाखवायला स्टीलच्या तीन झाकण्या लागणार होत्या. त्या घ्यायला ते मुद्दाम दोन गल्ल्या ओलांडून दुसऱ्या दुकानात गेले, तर तो दुकानदार म्हणाला, काहून भाऊ, रुपरावकडच्या संपल्या का? गिरिधरभाऊंनी घासाघीस न करता मागेल तो भाव दिला आणि तिथून काढता पाय घेतला.

चित्रं बघता बघता त्यांना मोंटाच्या कडेचा बाक आवडायला लागला. मान्य करायला जड जात होतं, पण त्या लोकांनी बाक छान दिला होता. तीन भिंगांपैकी तिसरं जरासं खाली आहे, हेही त्यांच्या लक्षात आलं. ते नेमकं जमावं म्हणून त्यांनी दोनदा झाकणी उचकटून पुन्हा बसवली. सुमतीने म्हटलंही, शत्रूचं इतकं कौतुकाने कोण करतं हो? त्यांनी झाकणी फडक्याने पुसली. खरी गोष्ट अशी की त्यांना रुपरावने हा बडग्या बघायला हवा होता. बघून चिडावं, शिव्या द्याव्यात, भांडावं, पण काहीतरी बोलावं. इतक्या दिवसांत रुपरावचा आवाज ऐकला नव्हता आणि घरात कसं सुनं सुनं वाटत होतं.

पुतळा झाला, पाटी राहिली. गिरिधरभाऊंनी कागद पुढे घेतला. आयुष्यभर 'सविनय सादर' लिहिलेला हात यमक कुठून काढणार? 'मोबाइलचा अतिवापर टाळावा' एवढंच त्यांना सुचलं, आणि ते वाचून त्यांना स्वतःचीच कीव आली. शेवटी पाटी कोरीच राहिली. वाटेत सुचलंच तर असावा म्हणून काळ्या रंगाचा डबा आणि कुंचला तेवढा त्यांनी पिशवीत टाकला.

मारबतीच्या दिवशी नागपूरची इतवारी पेठ नुसती फुलून आली होती. ढोलताशांच्या दणक्यात गल्लीतल्या पोरांनी बडग्या खांद्यावर घेतला आणि नाचवायला सुरुवात केली. गर्दीतून पहिला प्रश्न आला तो एका म्हाताऱ्याचा.

"हा तीन शेगड्यांचा गॅस हाय का? मंग सिलिंडर काहून दिसून नाई राहिलं?"

पुढच्या चौकात कोणी त्याला कपडे धुण्याचं मशीन म्हणालं. एका बाईने सिग्नल समजून नमस्कार केला, निदान असा तरी एक सिग्नल चालू दिसला म्हणून. गिरिधरभाऊ पुढे धावत, मागे धावत सांगत होते की मोबाइल आहे, पण ताशापुढे त्यांचा आवाज कोण ऐकतो? तेवढ्यात एका कॉलेजच्या पोराने निरखून पाहिलं आणि आरोळी ठोकली की हा तर झेफर हाय. झालं. सगळ्यांना एकदम उलगडा झाला. आजकाल चार फोन शेजारी ठेवले तर त्यांच्या आयांनाही ओळखू येणार नाहीत, आणि इतवारीत सर्वांत जास्त खपायचा तो झेफरच. "झेफर घेऊन जा गे मारबत" म्हणत अख्खा चौक नाचायला लागला.

ज्याची गिरिधरभाऊंनी इतकी तरफदारी केली, त्याचीच पीडा म्हणून धिंड निघाली होती, आणि तीही स्वतःच्या हाताने. खिशातला फोन सारखा थरथरत होता. 'झेफर परिवारा'त कोणीतरी मिरवणुकीचा व्हिडिओ टाकला होता. खाली पोरांनी काकांना घरचा भेदी म्हटलं होतं, मोंटाकडून किती घेतले ते विचारलं होतं. त्यांनी उत्तर टाइप करायला घेतलं, तोवर दुसऱ्या अ‍ॅडमिनने त्यांना ग्रुपमधूनच काढून टाकलं. स्वतः काढवलेल्या ग्रुपमधून बाहेर पडायला त्यांना एक मिनिटही लागलं नाही. भर गर्दीत ते कोऱ्या पाटीकडे बघत उभे राहिले. दोन ओळी असत्या तर हे झालंच नसतं, आणि त्या दोन ओळी का नाहीत, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

मिरवणूक रुपरावच्या दुकानासमोर आली. रुपराव पायरीवर उभा होता. गिरिधरभाऊंनी त्याला पाहिलं आणि मनात म्हटलं, आता हा हसणार. हसण्याचा त्याचा हक्कच होता. झेफरची फजिती बघून मोंटावाल्याइतका आनंद कोणाला होणार?

रुपराव हसला नाही. तो पायरी उतरला, गर्दीतून वाट काढत आला आणि पोरांना बडग्या खाली ठेवायला लावला. त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली. कडेच्या बाकावरून बोट फिरवलं. मग खिशातून आपला फोन काढला, त्याचं कव्हर काढलं आणि झाकण्यांच्या शेजारी धरला. बराच वेळ तो दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिला.

"तिसरं भिंग जराकसं खाली हाय," तो म्हणाला. "बराबर पकडलं तू."

"लोकायले झेफर वाटून राहिला," गिरिधरभाऊ म्हणाले.

"लोकायले काय समजते गा. हा मोंटा हाय. माहाच मोंटा हाय."

ज्याला डिवचायला एवढा खटाटोप केला, अख्ख्या इतवारीत त्याच एका माणसाने तो ओळखला होता. आपल्या कामाची इतकी खरी दाद गिरिधरभाऊंना कधी मिळाली नव्हती आणि स्वतःची इतकी लाजही कधी वाटली नव्हती. रुपरावचा चेहरा दुखावलेला होता, पण हात अजून त्या बाकावरच होता, चांगलं भांडं पारखताना असायचा तसा.

"पाटी कोरी काहून?" त्याने विचारलं.

"लिहिणारा नाई आला."

ढोलवाले जरा थांबले होते. रुपरावने हात पुढे केला. गिरिधरभाऊंनी पिशवीतून डबा काढून झाकण उघडलं आणि कुंचला त्याच्या हातात दिला. रुपराव पाटीपुढे उकिडवा बसला. क्षणभर त्याने डोळे मिटले आणि मग खाडाखोड न करता, आपल्या त्या ठसठशीत अक्षरात लिहीत गेला. मागची पोरं एकेक शब्द मोठ्याने वाचू लागली.

"लाखाचा फोन मिरवत आणते,
गल्लीतल्या दोस्ताले राम राम नाई म्हणते.
घेऊन जा गे मारबत!"

आधी पुढचे हसले, मग मागचे, मग दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवरच्या बायका. झेफरवाली पोरं हसली आणि मोंटावालीही हसली, कारण प्रत्येकाला आपापला कोणीतरी आठवला असणार. बडग्या पुन्हा खांद्यावर चढला, आता कोणी कंपनी विचारेना. ताशा कडाडला. त्या गोंधळात गिरिधरभाऊ आणि रुपराव एकमेकांसमोर उभे होते, एकाच्या हातात डबा, दुसऱ्याच्या हातात कुंचला.

"राम राम, रुपराव," गिरिधरभाऊ म्हणाले.

रुपरावने कुंचला डब्याच्या काठावर निथळवला.

"राम राम," तो म्हणाला. "डबा सरळ धर गा, रंग सांडून राहिला."